यादीचं गाणं कसं लिहावं

वडील गेल्यानंतर त्यांची हत्यारपेटी माझ्याकडे आली. कुठे काय आहे ते कळावं म्हणून पहिल्याच रात्री मी ती उघडली आणि आतल्या वस्तूंची नावं एका कागदावर उतरवायला बसलो. पाना, पक्कड, कानस, गिरमिट, रंधा, करवत... दहाव्या-बाराव्या नावाशी लक्षात आलं की ही नावं मी मनातल्या मनात एका ठेक्यात म्हणतोय. कागदावर एकही वाक्य नव्हतं, तरी गाणं सुरू झालेलं होतं.

त्या कागदाचं खरोखरचं गाणं व्हायला बरेच महिने गेले. अशा गाण्यांना मी यादीचं गाणं म्हणतो: वस्तू, गावं, माणसं किंवा आठवणी, नुसती नावांमागून नावं आणि मधे एखादी ओळ. दिसायला हा सगळ्यात सोपा प्रकार आहे. नावं तर प्रत्येकाकडे असतात. पण नुसती नावं ओळीत लावली की कान तिसऱ्या ओळीला कंटाळतो. तो कंटाळू नये म्हणून काय काय करावं लागतं, ते इथे पायरीपायरीने सांगतो. उदाहरण म्हणून हत्यारपेटीच घेतो, कारण तिच्यातली प्रत्येक वस्तू मी हातात धरलेली आहे.

पहिली पायरी: यादी कोण वाचतंय आणि कोणापुढे?

लेखणी उचलण्याआधी एवढंच ठरवा. वाणसामानाची यादी आणि पंचनाम्यातली यादी यांत वस्तू त्याच असू शकतात. बदलतो तो वाचणारा आणि ऐकणारा.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण मोझार्टच्या ‘डॉन जोव्हानी’ या ऑपेरात आहे. १७८७ साली प्रागमध्ये तो पहिल्यांदा झाला. शब्द लोरेंझो दा पोंते यांचे. त्यात नोकर लेपोरेल्लो आपल्या मालकाच्या प्रेमप्रकरणांची वही उघडून आकडे वाचतो. इटलीत ६४०, जर्मनीत २३१, फ्रान्समध्ये १००, तुर्कस्तानात ९१. आकडे उतरत जातात, ऐकणाऱ्याला वाटतं संपत आलं. मग एक ‘पण’ येतो: पण स्पेनमध्ये १००३. एवढ्यावर ही फक्त गंमत राहिली असती. पण हे सगळं तो ऐकवतोय एल्विराला, म्हणजे त्याच मालकाने फसवून सोडलेल्या बाईला. आणि एल्विरा स्पेनची आहे. त्या १००३ मध्ये एक आकडा तिचा आहे. समोर ती नसती तर ही यादी हिशेबाची वही झाली असती.

म्हणून कागदाच्या वरच्या कोपऱ्यात एक वाक्य लिहा: ‘अमका तमक्याला हे का सांगतोय.’ माझ्या कागदावर होतं, ‘मुलगा रिकाम्या खोलीला सांगतोय, कारण पेटी बंद करायचं धैर्य होत नाही.’ हे वाक्य गाण्यात येणार नाही. पण कुठली वस्तू आत घ्यायची आणि कुठली बाहेर ठेवायची, याचा निकाल पुढे प्रत्येक वेळी हेच वाक्य देतं.

दुसरी पायरी: भरपूर गोळा करा, आणि जवळ जाऊन

गाण्यात वीस नावं लागणार असतील तर ऐंशी-शंभर गोळा करा. आठवून लिहू नका, वस्तूपाशी जाऊन लिहा. आठवणीतून लिहिलं की ‘हत्यारं, खिळे, तारा’ असे ढोबळ शब्द येतात, कारण आठवण नेहमी गठ्ठ्याने देते. पेटीत हात घातला तेव्हा मला कापडी चिकटपट्टी गुंडाळलेली मूठ सापडली, अर्धवट झिजलेलं पेन्सिलीचं तुकडं सापडलं, काडेपेटीत जपून ठेवलेले वायसर सापडले.

इथे मराठीची एक सवय आवरावी लागते. बोलताना आपण सहज ‘पाने-बिने, तारा-बिरा’ म्हणतो, किंवा शेवटी ‘वगैरे’ जोडतो. बोलण्यात ते गोड लागतं, पण यादीच्या गाण्यात ‘बिने’ म्हणजे ‘पुढचं तुम्हीच समजा’. ऐकणाऱ्याला तर पुढचंच ऐकायचं असतं. जिथे ‘वगैरे’ लिहावंसं वाटेल, तिथे थांबून त्या ‘वगैरे’त कोणत्या तीन वस्तू होत्या ते शोधा. बहुतेक वेळा त्या तिघींतलीच एक वस्तू गाण्याचा प्राण निघते.

तिसरी पायरी: नावं वजनाने लावा

यादीच्या गाण्याची निम्मी मेहनत इथे आहे, म्हणून जरा सावकाश जाऊ.

यादीत अर्थाला फारसं काम नसतं. पानाही हत्यार, पक्कडही हत्यार. मग कोण आधी, कोण नंतर, हे ठरवतं ते शब्दाचं वजन आणि नाद. टॉम लेहरर या अमेरिकी गणितज्ञ-गायकाने १९५९ मध्ये त्या वेळी माहीत असलेल्या सगळ्या १०२ मूलद्रव्यांची नावं एका गाण्यात बसवली. चाल घेतली १८७९ च्या ‘पायरेट्स ऑफ पेन्झान्स’ या संगीतिकेतली. रसायनशास्त्राच्या पुस्तकात मूलद्रव्यं अणुक्रमांकाने लागतात, पण लेहररनी तो क्रम सोडून दिला. त्यांची पहिली चार नावं ५१, ३३, १३ आणि ३४ या क्रमांकांची आहेत: अँटिमनी, अर्सेनिक, अ‍ॅल्युमिनम, सेलेनियम. सुरुवातीला तीन ‘अ’ आणि मग त्याच लयीचं चौथं नाव. पुस्तकाचा क्रम पाळला असता तर पाठ करायचा तक्ता तयार झाला असता.

मराठीत हे वजन मोजायला आपल्याकडे मात्रा आहेत. शाळेत शिकलेलं आठवा: अ, इ, उ असलेलं अक्षर लघू, त्याची एक मात्रा. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ असलेलं गुरू, त्याच्या दोन. अनुस्वार आला की दोन. पुढच्या जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर आला की मागच्याच्या दोन. आता प्रत्येक वस्तूसमोर आकडा टाका.

पाना ४, कानस ४, गिरमिट ४, करवत ४, रंधा ४, पटाशी ५, वायसर ५, हातोडी ६, ओळंबा ६, खिळे ३, चुका ३, तार ३.

आठ मात्रांचा एक घास धरला तर जोड्या आपोआप दिसू लागतात. चारला चार, पाचला तीन, सहाला दोन. ‘कानस गिरमिट’ आठ. ‘पटाशी तार’ आठ. ‘हातोडी’ला दोन कमी पडतात, तिथे ‘अन्’ येतो. असे दोन घास मिळून सोळा मात्रांची ओळ होते. आपल्याकडच्या पादाकुलक वृत्ताचं हेच माप, त्यामुळे मराठी कानाला ते परकं वाटत नाही.

एक शब्द मला फार उपयोगी पडला. कुणी ‘पकड’ म्हणतं, कुणी ‘पक्कड’. दोन्ही बोलीत आहेत. पण ‘पकड’च्या मात्रा तीन आणि ‘पक्कड’च्या चार. ‘पाना पकड’ म्हणून बघा, ओळ लंगडते. ‘पाना पक्कड’ म्हटलं की दोन्ही पाय जमिनीवर टेकतात. तुमच्या यादीतल्या प्रत्येक शब्दाची अशी रूपं शोधून ठेवा: बोलीतलं, पुस्तकी, लाडाचं. एखाद्या मात्रेसाठी अडून बसण्यापेक्षा शब्दाचा भाऊ शोधणं बरं.

‘आणि’सुद्धा मोजून वापरायचा शब्द आहे. ‘आणि’च्या मात्रा तीन, ‘अन्’च्या दोन, ‘नि’ आणि ‘व’ यांची एकेक. म्हणजे एक, दोन किंवा तीन मात्रांची फट बुजवायला आपल्याकडे एकाच अर्थाचे शब्द तयार आहेत. पण या शब्दाला अर्थही आहे. मराठीत यादीतलं शेवटचं नाव येण्याआधी ‘आणि’ येतो, त्यामुळे तो ऐकला की कान समजतो, संपलं. तो मधेच टाकून पुढे आणखी चार नावं दिली तर ऐकणारा पुन्हा सावरून बसतो. तो कुठेच टाकला नाही तर यादी कधी संपणारच नाही असं वाटतं. प्रत्येक नावाआधी टाकला तर थकवा जाणवतो, ओझं जाणवतं. यांतलं काय हवंय हे पहिल्या पायरीच्या वाक्याला विचारा.

एवढं झाल्यावर माझं पहिलं कडवं असं लागलं:

पाना पक्कड, कानस गिरमिट,
हातोडी अन् रंधा करवत,
खिळे, चुका अन् तार गंजली,
पेटी आता नाही मिटवत.

यमकाबद्दल एक इशारा. नावांना प्रत्यय लावला की मराठीत यमक फुकट मिळतं. ‘खिळ्यांना, चुकांना, पान्यांना, तारांना’ असं लिहीत गेलात तर प्रत्येक ओळ जुळेल आणि एकही ओळ कानात राहणार नाही, कारण जुळतोय तो प्रत्यय, शब्द वेगवेगळेच राहतात. नावं शक्यतो मूळ रूपात ठेवा. ‘करवत’ आणि ‘मिटवत’ जुळतात तेव्हा एक हत्यार आणि एक न जमणारी गोष्ट एकमेकांना भेटतात. तसं यमक मिळेपर्यंत थांबायची तयारी ठेवा.

चौथी पायरी: क्रमाला एक दिशा द्या

ओळीतला क्रम नादाने ठरतो, पण कडव्यांचा क्रम कशाने तरी पुढे सरकायला हवा. सगळ्यात सरळ वाट काळाची. बिली जोएलच्या १९८९ सालच्या ‘वी डिडन्ट स्टार्ट द फायर’ या गाण्यात शंभराहून जास्त नावं आणि घटना आहेत, आणि त्या १९४९ पासून, म्हणजे त्याच्या जन्मवर्षापासून, जवळपास सालावार येतात. ऐकणारा नकळत स्वतःचं साल येण्याची वाट बघत राहतो. दुसरी वाट जागेची: दारापासून आतल्या खोलीपर्यंत, वरच्या कप्प्यापासून तळापर्यंत. मी हीच घेतली, कारण पेटी उघडल्यावर हात तसाच खाली जातो.

तिसरी वाट साठत जाण्याची. प्रत्येक कडव्यात एक नवी वस्तू येते आणि मागच्या सगळ्या पुन्हा म्हटल्या जातात. बारा दिवसांच्या भेटी मोजणारं इंग्रजी नाताळगीत असंच आहे. सगळ्या दिवसांच्या भेटी मिळवल्या तर बेरीज ३६४ येते. मुलांसाठी आणि घोळक्याने म्हणायला हा प्रकार फार छान, कारण त्यात आठवणीचा खेळ असतो. एकट्या माणसाच्या दुःखाला मात्र तो मानवत नाही, असं मला वाटतं. परत परत म्हणायची नावं छोटी ठेवा, नाहीतर सहाव्या कडव्याला सगळ्यांचा श्वास संपेल.

पाचवी पायरी: क्रियापद राखून ठेवा

माझ्या कडव्याकडे पुन्हा बघा. पहिल्या तीन ओळींत ‘गंजली’ सोडलं तर एकही क्रियापद नाही, सगळ्या वस्तू नुसत्या पडून आहेत. चौथ्या ओळीत ‘नाही मिटवत’ येतं आणि पहिल्यांदा तिथे माणूस दिसतो. ‘मला’ हा शब्द लिहायची गरज पडली नाही. ‘मिटवत नाही’ या रूपातच आपल्या भाषेने ‘मनाला होत नाही’ हे भरून ठेवलंय.

यादीच्या गाण्यातलं ध्रुवपद हे असं असावं: पूर्ण वाक्य, क्रियापदासकट, आणि ते बोलणाऱ्याचं. नावं ऐकून कान धावत आलेला असतो, ध्रुवपदाशी तो टेकतो. बिली जोएलच्या गाण्यातही कडव्यांमध्ये नावांची गर्दी आहे आणि ध्रुवपदात साधं, सरळ वाक्य. तुमच्याकडे यादी जमलीय पण ध्रुवपद सुचत नसेल, तर त्या कोपऱ्यातल्या वाक्याकडे परत जा. माझं ध्रुवपद तिथूनच आलं.

विशेषणांचंही तसंच. त्या कडव्यात विशेषणासारखा एकच शब्द आहे, ‘गंजली’. तो एकटा आहे म्हणून दिसतो. प्रत्येक वस्तूला ‘जुना पाना, बोथट कानस’ असं चिकटवत गेलात की सगळं सारखंच धूसर होतं.

सहावी पायरी: गाऊन बघा, मोठ्याने

कागदावरची मात्रा आणि तोंडातली मात्रा यांत मराठीत एक फरक आहे आणि नव्या लिहिणाऱ्याला तो हमखास अडवतो. वृत्तात ‘गिरमिट’ची चार अक्षरं, चार मात्रा. पण बोलताना आपण ‘गिर्‌मिट्’ असं दोन टप्प्यांत म्हणतो. जुन्या वळणाच्या चालीत चारही अक्षरं सुटी म्हणता येतात; जलद, बोलल्यासारख्या चालीत दोनच ठोके मिळतात. कुठली चाल आहे ते आधी ठरवा आणि सगळी यादी एकाच रीतीने म्हणा. अर्धी अशी, अर्धी तशी झाली की ठेका घसरतो आणि चूक कुठे आहे तेच कळत नाही.

दुसरं, लांब सुरावर स्वरान्त शब्द ठेवा. ‘रंधा’, ‘हातोडी’, ‘पटाशी’ ताणता येतात. ‘करवत’ ताणायला गेलात तर ‘त’वर अडता, किंवा उगाच ‘करवताऽ’ होतं. माझ्या ध्रुवपदाच्या शेवटी ‘मिटवत’ आहे, तो सूर लगेच तुटतो. तिथे मला तो तुटायलाच हवा होता, म्हणून ठेवला. बाकी ठिकाणी असे शब्द ओळीच्या मधे ढकलले.

चाल साधी ठेवा. नावं असलेल्या ओळींना तीन-चार सूर पुरतात; ऐकणाऱ्याचं लक्ष शब्दांवर आहे, त्याला तानांची वाट नको. मोठा सूर ध्रुवपदासाठी राखा. लेपोरेल्लोच्या त्या गाण्यातही मोझार्टने आधी आकडे जलद लयीत पळवले आहेत आणि नंतर लय संथ केली आहे. यादी धावते, मग कुणीतरी थांबून एकेक चेहरा बघतं.

श्वासाच्या जागा पेन्सिलीने खुणा करून ठेवा. सोळा मात्रांनंतर अर्धा श्वास, ध्रुवपदाआधी पूर्ण. फोनवर ध्वनिमुद्रण करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. जिथे तुम्हीच अडखळलाय, तिथे चूक जिभेची नसते. शब्दांचा क्रम बदला.

सातवी पायरी: काढून टाका

आता प्रत्येक नावावर बोट ठेवून ते वगळून म्हणा. ओळ रिकामी वाटली तर नाव राहू द्या. काहीच बिघडलं नाही तर ते गेलं. नंतर दोन नावांची अदलाबदल करून म्हणा. काहीच फरक पडला नाही, तर त्या दोन्ही नावांकडे संशयाने बघा. ‘ओळंबा’ मला अतिशय आवडतो. पेटीत तो सगळ्यात जड आणि सगळ्यात सुंदर होता. पण तो ज्या ओळीत घातला ती त्याच्याच भोवती फिरू लागली, म्हणून काढला. त्याचं वेगळं गाणं होईल.

नावं बदलूनही गाणं उभं राहतं का, हीसुद्धा एक कसोटी आहे. ऑस्ट्रेलियाच्या जेफ मॅक यांनी १९५९ मध्ये गावांच्या नावांचं ‘आय हॅव बीन एव्हरीव्हेअर’ लिहिलं, सगळी गावं ऑस्ट्रेलियातली. १९६२ मध्ये हँक स्नो यांनी तेच गाणं उत्तर अमेरिकेतल्या गावांसह गायलं आणि तिथेही ते चाललं. कारण नावांखाली एक भटक्या होता, तो जागचा हलला नव्हता. तुमच्या यादीतली नावं झाकून बघा, खाली कुणी उभं आहे का.

शेवटचं कडवं

यादी कुठेही थांबवता येते, आणि तीच तिच्या शेवटाची अडचण आहे. नुसतं शेवटचं नाव म्हणून गप्प बसलात तर ऐकणाऱ्याला पुढचं नाव हवं असतं. तेव्हा काहीतरी मोडावं लागतं: ठेका, क्रम किंवा नावांची जात. मी माझ्या गाण्यात दोन गोष्टी मोडल्या. पहिली, तोवर पडून असलेल्या वस्तूंना क्रियापदं दिली. दुसरी, ध्रुवपद गाळलं.

तिसरी गोष्ट शब्दानेच दिली. सुतारकामात बारीक खिळ्याला ‘चूक’ म्हणतात, अनेकवचन ‘चुका’. पहिल्या कडव्यात ‘खिळे, चुका’ लिहिलं तेव्हा माझ्या मनात फक्त पेटीतले ते बारीक खिळे होते. वडिलांचं आणि माझं काही वर्षं बोलणं बंद होतं. कुणाचं काय चुकलं याचा हिशेब आम्ही दोघांनीही मनात ठेवला होता. गाणं पंधरा-वीस वेळा गाऊन झाल्यावर एका संध्याकाळी तो शब्द मला दुसऱ्या अर्थाने ऐकू आला. तुमच्या यादीतही असा एखादा शब्द असेल. प्रत्येक नाव शब्दकोशात काढून बघा, त्याचे सगळे अर्थ वाचा आणि दुहेरी अर्थाचं नाव पहिल्या कडव्यात अगदी साधेपणाने, दोन वस्तूंच्या मधे ठेवून द्या. तेव्हा त्याच्याकडे बोट दाखवू नका. शेवटी ते परत आणा.

पक्कड पुसली, कानस पुसली,
तार पटाशी जागी गेल्या,
पेटीवरची धूळ झटकली,
खिळे मोजले, चुका सोडल्या.